पेशीचे विज्ञान आणि बीडची भीती

जून २०१९ मध्ये विधान परिषदेत एका प्रश्नाला उत्तर देताना तत्कालीन आरोग्यमंत्री एकनाथ शिंदे यांनी बीड जिल्ह्याविषयीचा एक आकडा सभागृहापुढे ठेवला. २०१६-१७ ते २०१८-१९ या तीन वर्षांत जिल्ह्यातील ९९ खासगी रुग्णालयांत ४,६०५ स्त्रियांची गर्भाशये काढण्यात आली होती. पुढे डॉ. नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली शासनाने समिती नेमली. जिल्ह्यातील सुमारे ८२ हजार ऊसतोड स्त्रियांची पाहणी झाली आणि त्यांपैकी १३,८६१ जणींची ही शस्त्रक्रिया झाली असल्याचे आढळले. म्हणजे सुमारे सहा जणींमागे एक. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत देशातील १५ ते ४९ वयोगटाच्या स्त्रियांमध्ये हे प्रमाण शंभरात तीनच्या आसपास आहे. दोन पाहण्यांची पद्धत सारखी नाही हे मान्य केले तरी ही तफावत डोळ्यांआड करता येण्यासारखी नाही.

या प्रकरणाची जी चर्चा झाली ती मुख्यतः मुकादम, उचल आणि खाडा यांभोवती फिरली, आणि ते योग्यच होते. नवरा-बायकोच्या जोडीला ‘एक कोयता’ मानणाऱ्या व्यवस्थेत बाईचा आजार म्हणजे मजुरीला कात्री आणि वर दंड. पाळीचे चार दिवसही जिथे परवडत नाहीत, तिथे ‘पिशवी काढून टाकणे’ हा कामाच्या सोयीचा मार्ग ठरतो. परंतु या निर्णयामागे आणखी एक शब्द होता, त्याच्याकडे पुरेसे लक्ष गेले नाही. तो शब्द म्हणजे कॅन्सर. अंगावर पांढरे जाणे, ओटीपोटात दुखणे अशा तक्रारी घेऊन दवाखान्यात गेलेल्या अनेक स्त्रियांनी पाहणी करणाऱ्यांना आणि वार्ताहरांना सांगितले, की पिशवी ठेवली तर पुढे कॅन्सर होईल असे त्यांच्या मनावर बिंबवण्यात आले होते. सर्वच शस्त्रक्रिया अनावश्यक होत्या, असे म्हणणे अन्यायाचे होईल. गाठी, असह्य रक्तस्राव, गर्भाशय खाली सरकणे या कारणांसाठी ती करावीच लागते. पण कर्करोगाची भीती हे जर कारण असेल, तर ती भीती विज्ञानाच्या कसोटीला उतरते काय, हे तपासणे भाग आहे. त्यासाठी पेशीविभाजनाच्या संशोधनाचा दीडशे वर्षांचा इतिहास थोडक्यात पाहिला पाहिजे. या इतिहासाची एक महत्त्वाची कडी बीडला अगदी लागून असलेल्या जिल्ह्यात आहे, म्हणून तर हे अधिकच आवश्यक आहे.

पेशीतून पेशी

प्रत्येक पेशी ही आधीच्या पेशीपासूनच जन्मते, हा सिद्धान्त जर्मन विकृतिशास्त्रज्ञ रुडॉल्फ फिरखो याने १८५५ च्या सुमारास मांडला. तोपर्यंत गाठ ही शरीरातील द्रव दूषित झाल्यामुळे येते, असा समज होता. फिरखोच्या सिद्धान्ताने कर्करोग हा शरीराच्या स्वतःच्याच पेशींचा रोग ठरला. पेशी दुभंगते कशी, हे मात्र वाल्थर फ्लेमिंग याने दाखविले. सॅलॅमँडरच्या अळ्यांच्या पेशींना रंग देऊन त्याने सूक्ष्मदर्शकाखाली पाहिले, की विभाजनाच्या वेळी केंद्रकात दोऱ्यासारखे तंतू दिसू लागतात, ते उभे चिरले जातात आणि दोन्ही बाजूंना सारखे वाटले जातात. हे निरीक्षण त्याने १८८२ च्या ग्रंथात सविस्तर नोंदविले. याच तंतूंना पुढे गुणसूत्रे हे नाव मिळाले.

ही वाटणी काटेकोर असते. कर्करोगाच्या पेशीत ती बिघडलेली दिसते. डेव्हिड फॉन हान्सेमान याने १८९० मध्ये अशा विषम विभाजनाची चित्रे प्रसिद्ध केली. थिओडोर बोव्हेरी याने एकाच वेळी दोन शुक्राणूंनी फलित झालेल्या समुद्रसाळींच्या अंड्यांवर प्रयोग केले. गुणसूत्रांची वाटणी चुकली की वाढ विकृत होते, हे त्याला तेथे दिसले. १९१४ च्या छोट्या ग्रंथात त्याने तर्क मांडला, की कर्करोगाचे मूळ एकाच पेशीतील गुणसूत्रांच्या अशा बिघाडात असावे; विभाजनाला चालना देणारे आणि त्याला आवर घालणारे असे दोन्ही प्रकारचे घटक गुणसूत्रांत असावेत. हा तर्क सिद्ध करण्याची साधने त्या काळी कोणापाशीच नव्हती. मनुष्याच्या पेशीत ४६ गुणसूत्रे असतात, एवढी साधी मोजणीसुद्धा १९५६ पर्यंत नक्की झाली नव्हती.

त्यानंतर मात्र पुराव्यांची रांग लागली. १९६० मध्ये फिलाडेल्फिया येथील नोवेल आणि हंगरफोर्ड यांना रक्ताच्या एका कर्करोगात एक गुणसूत्र आखूड झालेले आढळले. ते आखूड का होते, याचा उलगडा १९७३ मध्ये जॅनेट राउली यांनी केला: दोन गुणसूत्रांच्या तुकड्यांची अदलाबदल झालेली होती. १९७६ मध्ये बिशप आणि व्हार्मस यांनी दाखविले, की कोंबड्यांत कर्करोग घडविणाऱ्या विषाणूतील जनुक मुळात निरोगी पेशीतलेच आहे. १९७९ मध्ये पी-५३ हे प्रथिन सापडले. पेशीतील गुणसूत्रांना इजा झाली असता विभाजन थांबविणारा तो पहारेकरी आहे, हे पुढे कळले. किण्वावर काम करणारे हार्टवेल आणि नर्स, आणि पुन्हा समुद्रसाळीच्याच अंड्यांवर काम करणारे हंट, यांनी पेशी विभाजनाच्या एका टप्प्यावरून दुसऱ्या टप्प्यावर कशी जाते, तिला कोठे कोठे थांबवून तपासले जाते, हे उलगडले. २००१ चे नोबेल पारितोषिक त्यांना मिळाले. बोव्हेरीच्या तर्कातील चालना आणि आवर यांना नावे मिळाली होती.

या सगळ्याचे सार बीडमधील वाचकाच्या दृष्टीने एका वाक्यात सांगता येते. कर्करोग एका दिवसात होत नाही. पेशीच्या एकामागून एक यंत्रणा निकामी व्हाव्या लागतात, आणि त्याला बहुधा वर्षे लागतात.

पुण्याची एक विद्यार्थिनी

या इतिहासात मराठी माणूस केवळ प्रेक्षक नव्हता. मुंबईत टाटा मेमोरियल रुग्णालय २८ फेब्रुवारी १९४१ रोजी सुरू झाले. तेथील विकृतिशास्त्राची धुरा डॉ. वसंत रामजी खानोलकर यांच्याकडे होती. १९५२ मध्ये त्यांच्याच पुढाकाराने भारतीय कर्करोग संशोधन केंद्र उभे राहिले. त्यांच्या हाताखाली तयार झालेल्या डॉ. कमल रणदिवे (१९१७-२००१) या पुण्याच्या. पुण्याच्या कृषी महाविद्यालयात एम.एस्सी.साठी त्यांनी विषय घेतला होता तो सीताफळाच्या कुळातील वनस्पतींच्या गुणसूत्रांचा. बालाघाटच्या डोंगरात ज्या सीताफळाने बीडला नाव मिळवून दिले, त्याच कुळावर नजर रोखून एक तरुणी पेशीविभाजन शिकली. १९४९ मध्ये मुंबई विद्यापीठाची डॉक्टरेट मिळविल्यावर त्या अमेरिकेत बाल्टिमोरला जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात जॉर्ज गाय यांच्या प्रयोगशाळेत गेल्या. शरीराबाहेर काचेच्या नळीत पेशी वाढविण्याचे तंत्र त्यांनी आत्मसात केले आणि परतल्यावर मुंबईच्या केंद्रात देशातील पहिली ऊतिसंवर्धन प्रयोगशाळा उभारली. स्तनाच्या कर्करोगावरील त्यांचे काम प्रसिद्ध आहे. १९७३ मध्ये भारतीय महिला वैज्ञानिक संघटनेची स्थापना त्यांच्या पुढाकाराने झाली. १९८२ मध्ये त्यांना पद्मभूषण मिळाले. निवृत्तीनंतर त्या नगर जिल्ह्यातील अकोले तालुक्यात आदिवासी स्त्रिया आणि मुले यांच्या आरोग्याचे काम करीत राहिल्या.

जॉर्ज गाय यांची तीच प्रयोगशाळा आणखी एका गोष्टीसाठी इतिहासात नोंदली गेली आहे. १९५१ मध्ये हेन्रिएटा लॅक्स या गरीब कृष्णवर्णीय स्त्रीच्या गर्भाशयमुखाच्या कर्करोगातून घेतलेल्या पेशी तेथे वाढल्या आणि वाढतच राहिल्या. मानवी पेशींचा तो पहिला अमर वंश होय. हेला या नावाने तो आजही जगभरच्या प्रयोगशाळांत वाढतो आहे. त्या पेशी घेताना लॅक्सबाईंची संमती कोणी विचारली नव्हती. त्याच वर्षी ऑक्टोबरात त्यांचा मृत्यू झाला. स्त्रीच्या शरीराविषयीचा निर्णय तिला न विचारता, किंवा विचारल्याचा केवळ देखावा करून घेण्याची प्रथा बीडमध्ये सुरू झाली नाही आणि तेथेच संपतही नाही, हे यावरून ध्यानात यावे.

लॅक्सबाईंना ज्या रोगाने नेले त्याचे मूळ कारण १९८०च्या दशकात हाती आले. गर्भाशयमुखाचा कर्करोग संन्यासिनींमध्ये क्वचित आणि विवाहित स्त्रियांमध्ये अधिक आढळतो, हे इटलीच्या रिगोनी-स्टर्न याने १८४२ मध्येच नोंदवून ठेवले होते. १९८३ आणि १९८४ मध्ये जर्मनीच्या हाराल्ड त्सुर हाउझेन यांच्या चमूने त्याचा अर्थ लावला. मानवी पॅपिलोमा विषाणूचे सोळा आणि अठरा क्रमांकांचे प्रकार त्यांनी या कर्करोगाच्या गाठींत शोधून काढले. हेला पेशींतही अठरा क्रमांकाचा विषाणू निघाला. या विषाणूची दोन प्रथिने पेशीविभाजनाचे दोन पहारेकरी निकामी करतात: एक पी-५३ नष्ट करते, दुसरे आर-बी या आवर घालणाऱ्या प्रथिनाला जखडून टाकते. त्सुर हाउझेन यांना २००८ चे नोबेल मिळाले.

विषाणूचा संसर्ग अनेक स्त्रियांना होतो आणि बहुतेकींचे शरीर तो वर्ष-दोन वर्षांत परतवून लावते. थोड्यांच्या बाबतीत तो टिकतो. टिकलेल्या संसर्गातून कर्करोग व्हायला सामान्यतः दहा ते वीस वर्षे जातात. या दीर्घ काळात गर्भाशयमुखावरील बदललेल्या पेशी ओळखता येतात आणि तेवढाच भाग गोठवून, जाळून किंवा कापून काढता येतो. त्यासाठी गर्भाशय काढावे लागत नाही. पांढरे जाण्याची तक्रार बहुधा साध्या जंतुसंसर्गाची असते, ती औषधांनी बरी होते. फडावर पाणी, संडास आणि आडोसा नसणे हे तिचे मोठे कारण आहे. उलट तिशीच्या आत-बाहेर गर्भाशय, आणि अनेकदा त्याबरोबर बीजकोशही काढल्यामुळे शरीरातील संप्रेरकांचा तोल अकाली ढळतो, हाडे ठिसूळ होतात आणि हृदयविकाराचा धोका वाढतो. उसाची मोळी डोक्यावर घेऊन ट्रकच्या फळीवर चढणाऱ्या बाईला ठिसूळ हाडे परवडणारी नाहीत.

शेजारच्या जिल्ह्याने जगाला दिलेला पुरावा

बीडच्या दक्षिणेला असलेल्या उस्मानाबाद, म्हणजे आताच्या धाराशिव जिल्ह्यात जे घडले ते या संदर्भात फार महत्त्वाचे आहे. जवळच्या बार्शीच्या नर्गिस दत्त स्मृती कर्करोग रुग्णालयाने बार्शी, परांडा आणि भूम या तालुक्यांतील कर्करोगाची नोंदवही १९८७ मध्ये सुरू केली. ग्रामीण लोकसंख्येची देशातील ही पहिली नोंदवही. कर्मचारी गावोगाव जात, सरपंच, शिक्षक आणि जाणती माणसे यांना भेटत, लक्षणांची माहिती सांगत आणि संशयित रुग्णांना तपासणीला आणत. काही वर्षांतच स्त्रिया रोगाच्या अलीकडच्या अवस्थेत येऊ लागल्या, हे निष्कर्ष १९९५ मध्ये प्रसिद्ध झाले. कोणतेही नवे औषध नव्हते. केवळ माहितीचा हा परिणाम होता.

याच पायावर १९९९ पासून एक मोठी चाचणी उभी राहिली. बार्शीचे रुग्णालय, मुंबईचे टाटा मेमोरियल केंद्र आणि फ्रान्समधील आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्था यांनी उस्मानाबाद जिल्ह्यातील ५२ गावसमूहांतल्या ३० ते ५९ वयाच्या १,३१,७४६ स्त्रियांचे चार गट केले. एका गटाची विषाणूसाठी, दुसऱ्याची पेशीनमुन्याची, तिसऱ्याची सौम्य ॲसेटिक आम्ल लावून डोळ्यांनी पाहण्याची अशी प्रत्येकी एकच तपासणी झाली. चौथ्या गटाला नेहमीची आरोग्यसेवा आणि माहिती एवढेच मिळाले. आठ वर्षांनंतरचे निष्कर्ष २००९ मध्ये प्रसिद्ध झाले. विषाणूची तपासणी झालेल्या ३४,१२६ स्त्रियांत या कर्करोगाने ३४ मृत्यू झाले. तपासणी न झालेल्या ३१,४८८ स्त्रियांत ६४. आयुष्यात एकदा केलेल्या एका तपासणीने मृत्यूचे प्रमाण जवळजवळ निम्म्यावर आले. इतर दोन पद्धतींनी तेथे मृत्यूंत लक्षणीय घट दिसली नाही. मात्र मुंबईच्या वस्त्यांत ॲसेटिक आम्लाची तपासणी ठरावीक अंतराने चार वेळा केल्यावर मृत्यू ३१ टक्क्यांनी घटले, असे २०१४ मध्ये दिसून आले.

या चाचण्यांवर आक्षेपही घेतले गेले, आणि ते क्षुल्लक नव्हते. चौथ्या गटातील स्त्रियांना तपासणीवाचून ठेवणे नीतीला धरून होते काय, असा प्रश्न विचारला गेला. त्या काळी ग्रामीण भारतात तपासणी मुळात उपलब्धच नव्हती, म्हणून कोणाचे काही हिरावले गेले नाही, असे उत्तर देण्यात आले. या वादात कोणतीही बाजू घेतली तरी एक निष्कर्ष दोहोंनाही मान्य करावा लागेल. ज्या स्त्रियांच्या मृत्यूंतून हा पुरावा मिळाला, त्यांचे ऋण फेडायचे असेल तर तो पुरावा निदान त्यांच्या लेकी-सुनांच्या आणि शेजारणींच्या उपयोगी पडला पाहिजे. प्रत्यक्षात काय झाले? २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत तीस ते एकोणपन्नास वयाच्या शंभर स्त्रियांत गर्भाशयमुखाची तपासणी कधी तरी झालेल्या दोनसुद्धा भरल्या नाहीत. २०२२ च्या जागतिक अंदाजानुसार देशात या रोगाचे वर्षाला सुमारे १ लाख २७ हजार नवे रुग्ण होतात आणि जवळपास ८० हजार स्त्रिया मरतात. धाराशिवच्या पुराव्यावर जगातील अनेक देशांनी आपली धोरणे बेतली; त्या पुराव्याला वेशीवरून बीडपर्यंत येण्यास मात्र वाट सापडली नाही. आणि त्याच सुमारास बीडमध्ये कर्करोगाच्या नावाने गर्भाशये काढली जात होती. जेथे तपासणी नसते तेथे भीतीचा व्यापार चालतो.

काय करता येईल

२०१९ च्या गदारोळानंतर बीडमध्ये खासगी रुग्णालयांना अशा शस्त्रक्रियेपूर्वी जिल्हा शल्यचिकित्सकांची परवानगी घेणे बंधनकारक करण्यात आले. हे पाऊल स्वागतार्ह आहे, पण परवानगीचा कागद हा भीतीवरचा उतारा होऊ शकत नाही. काढलेल्या प्रत्येक गर्भाशयाची सूक्ष्मदर्शकाखाली तपासणी व्हावी आणि तिचा निष्कर्ष शस्त्रक्रियेपूर्वीच्या निदानाशी ताडून दरवर्षी जाहीर व्हावा. फ्लेमिंगच्या काळापासून पेशीचे सत्य सूक्ष्मदर्शकच सांगत आला आहे. कर्करोगाचे कारण किती ठिकाणी खरे होते, हेही तोच सांगेल.

दुसरी गोष्ट तपासणीची. ऊसतोडणीच्या टोळ्या दिवाळीच्या आगेमागे जिल्हा सोडतात आणि हंगाम संपल्यावर परततात. म्हणजे पावसाळ्याचे चार महिने या स्त्रिया घरी असतात. विषाणूच्या तपासणीसाठी नमुना बाईला स्वतःही घेता येतो. जून ते सप्टेंबर या काळात आशा कार्यकर्त्यांमार्फत तिशीवरील स्त्रियांचे नमुने घेतले, आणि दोष आढळलेल्यांवर टोळी निघण्यापूर्वी अंबाजोगाईच्या स्वामी रामानंद तीर्थ ग्रामीण वैद्यकीय महाविद्यालयात किंवा जिल्हा रुग्णालयात उपचार झाले, तर हे काम आवाक्याबाहेरचे नाही. बार्शीच्या माणसांनी ते पंचवीस वर्षांपूर्वी करून दाखविले आहे. उपचाराच्या दिवसाची मजुरी बुडाली तर भरून देण्याची तरतूद मात्र त्यातच हवी. खाड्याच्या भीतीने बाई दवाखाना टाळते, हे बीडने पुरेसे पाहिले आहे.

तिसरी गोष्ट लसीची. या विषाणूवरील भारतीय लस पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटने तयार केली आणि २०२२ मध्ये तिला परवानगी मिळाली. १ फेब्रुवारी २०२४ च्या अंतरिम अर्थसंकल्पात ९ ते १४ वर्षांच्या मुलींच्या लसीकरणाला प्रोत्साहन देण्याची घोषणा झाली. एक मात्राही पुरेसे संरक्षण देते, या निष्कर्षाला ज्या भारतीय अभ्यासाने बळ दिले त्यातही बार्शी आणि पुणे ही केंद्रे होती. पण लस शाळेत पोहोचली तरी मुलगी शाळेत असली पाहिजे. आई-बापांबरोबर फडावर गेलेली आठवीतली मुलगी हजेरीपटावर असते आणि लसीच्या रांगेत नसते. टोळ्या निघण्यापूर्वी लस देणे आणि न आलेल्या मुलींची यादी ठेवणे, हे शिक्षकांच्या सहकार्यावाचून होणार नाही.

मराठवाड्यातील घरोघरच्या अंगणात सदाफुली असते. या झाडातून व्हिन्क्रिस्टीन हे औषध निघते. विभाजनाच्या वेळी गुणसूत्रांना ओढून नेणारे तंतूच ते तयार होऊ देत नाही आणि रक्ताच्या कर्करोगातील पेशींची वाढ रोखते. १९६० च्या दशकापासून जगभरातील असंख्य मुले त्यामुळे वाचली आहेत. अंगणातल्या झाडाची ही किंमत दूरच्या प्रयोगशाळांनी ओळखली. शेजारच्या तालुक्यांतील स्त्रियांनी दिलेल्या पुराव्याची किंमत बीडला आणि महाराष्ट्र शासनाला ओळखता येऊ नये, याला कोणतेही शास्त्रीय कारण नाही. पेशीला बिघडायला पंधरा-वीस वर्षे लागतात. त्या वर्षांपैकी एक दिवस प्रत्येक स्त्रीच्या तपासणीसाठी काढता येत नसेल, तर दोष रोगाचा म्हणता येणार नाही.